पत्रमैत्रीतला तिसरा माणूस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शाळांमध्ये कविता वाचायला जातो, तेव्हा कार्यक्रम आटोपला की एखादी आई किंवा एखादे वडील हमखास बाजूला घेऊन विचारतात, ‘‘आमच्या मुलीला परदेशातली पत्रमैत्रीण हवी आहे. कशी मिळवून द्यायची हो?’’ कवीला पत्रांतले जास्त कळत असावे, असा त्यांचा समज असतो. काहींच्या प्रश्नात कौतुक असते, काहींच्या प्रश्नात धास्ती. पत्ता कुणाला द्यायचा, पलीकडे खरोखर मूलच आहे की भलताच कुणी, ही काळजी आजच्या आईवडिलांना वाटते आणि ती रास्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत देता येईल, आणि शेवटी ते देणारही आहे. पण त्याआधी मला त्यामागचा इतिहास सांगायचा आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. बी. ए. झालो आणि पुढे कविता लिहीत राहिलो. मात्र टपालाचे वेड लहानपणापासूनचे. त्या वेडापायी जे वाचले, त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस आली. दोन देशांतल्या दोन मुलांची पत्रमैत्री आपोआप जुळल्याचे फारसे आढळत नाही. दर वेळी मध्ये एक तिसरा माणूस असतो. बहुधा एखाद्या बाई किंवा गुरुजी, कधी एखाद्या संस्थेतला कारकून, कधी घरातलेच कुणी वडीलधारे. हा माणूस पत्ता मिळवतो, पहिले पत्र पाकिटात जाईपर्यंत मुलाजवळ बसतो आणि मग बाजूला होतो. मित्रहो, आजची गोष्ट या तिसऱ्या माणसाची आहे.

आधी पैशांचे बोलू. मुलाने परदेशी पत्र धाडायचे, तर ते त्याच्या खाऊच्या पैशांत बसले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मोठ्यांच्याही खिशाला जड होते. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या खटपटीमुळे १८४० साली देशातल्या देशात कुठेही एका पेनीत पत्र जाऊ लागले. आपल्याकडे १८५२ साली सिंध प्रांतात पहिली तिकिटे निघाली आणि १८५४ पासून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा हा दर आला. कोकणातले पत्र लाहोरला जावो की शेजारच्या तालुक्याला, तिकीट तेवढेच.

पण देशाची हद्द ओलांडली की घोळ सुरू. प्रत्येक देशाचे दुसऱ्या देशाशी वेगळे करार, वेगळी वजने, वेगळी नाणी. पत्र कोणत्या वाटेने जाणार आणि वाटेत किती राज्ये लागणार, यावर हशील ठरे. हा गुंता सुटला ९ ऑक्टोबर १८७४ या दिवशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देशांनी एका करारावर सह्या केल्या. त्यामागे जर्मन टपाल खात्याचे प्रमुख हाइन्रिश फॉन श्टेफान यांचा पुढाकार होता. टपालापुरते हे सगळे देश म्हणजे एकच मुलूख, असे त्या करारात ठरले. पंधरा ग्रॅमच्या पत्राला साधारण सारखा दर आला. हिंदुस्थान १ जुलै १८७६ रोजी या संघात सामील झाला. आज त्याला जागतिक टपाल संघ म्हणतात आणि ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन असतो.

या करारातली एक तरतूद मला फार आवडते. तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले, त्यानेच ते ठेवायचे. पलीकडच्या देशाने पत्र घरपोच करायचे आणि त्याबद्दल काही मागायचे नाही. हा हिशेब जुळायचा कसा? तर प्रत्येक पत्राला उत्तर येते, असे गृहीत धरले होते. आज तुमचे पत्र आम्ही पोचवू, उद्या त्याचे उत्तर तुम्ही पोचवा. रुक्ष सरकारी कारकुनांनी आपला जमाखर्च माणसांच्या उत्तर देण्याच्या सवयीवर बेतला होता.

पुढे १९०६ साली रोमच्या परिषदेत आणखी एक सोय झाली. आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन. आपण पत्रासोबत हे कूपन घालायचे, पलीकडच्याने ते आपल्या टपाल कचेरीत देऊन उत्तरापुरते तिकीट घ्यायचे. गरीब मुलाला उत्तराचा भार पडू नये, याची ती तजवीज होती. याच कूपनांच्या दरातल्या फरकाचे निमित्त पुढे करून चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने १९२० साली बोस्टनमध्ये हजारो लोकांना गंडा घातला, ती गोष्ट वेगळी.

रस्ता झाला, पण त्यावरून मुलांना हात धरून नेले ते शिक्षकांनी. १८९७ च्या सुमारास फ्रान्समधले इंग्रजीचे एक शिक्षक पॉल मिएल यांनी फ्रेंच आणि इंग्रज विद्यार्थ्यांच्या जोड्या जुळवायला सुरुवात केली. लंडनचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आपल्या मासिकातून त्यांना साथ दिली. जर्मनीत लाइपझिगच्या मार्टिन हार्टमान यांनी तेच काम हाती घेतले. हेतू साधा होता. पुस्तकातली परकी भाषा जिवंत माणसाशी बोलून यावी. कधी आपल्या भाषेत लिहायचे, कधी त्याच्या भाषेत, आणि एकमेकांच्या चुका सुधारून पाठवायच्या.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, अमेरिकेत ज्युनिअर रेड क्रॉस सुरू झाली. तिने युद्धानंतर शाळाशाळांमधला पत्रव्यवहार वाढवला. यात एका मुलाचे पत्र एकटे जात नसे. सगळा वर्ग मिळून एक वही तयार करी. गावाचे वर्णन, चित्रे, फोटो, सुकवलेली पाने तिच्यात चिकटवून ती वही दुसऱ्या देशातल्या वर्गाकडे जाई. ही वर्गाला वर्ग जोडण्याची कल्पना आजच्या धास्तावलेल्या पालकांनी जरूर लक्षात ठेवावी.

फ्रान्समधल्या सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकाचे उदाहरण देशातल्या देशातलेच आहे, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती. वर्गात फार वेळ बोलणे त्यांना झेपेना. १९२४ साली त्यांनी दक्षिणेतल्या आपल्या छोट्या शाळेत एक लहानसा छापखाना आणला. मुलांनी लिहायचे आणि मुलांनीच खिळे जुळवून छापायचे. हे छापलेले कागद दूर ब्रिटनी प्रांतातल्या रने दानिएल या शिक्षकाच्या शाळेत जाऊ लागले. एका गावाभोवती ऑलिव्हची झाडे, दुसऱ्याजवळ समुद्र. आपल्या गावातली झाडे पलीकडच्यांना माहीत नाहीत म्हटल्यावर मुलांना ती नीट बघावी लागली, वडीलधाऱ्यांना विचारावे लागले. दूरच्या मित्राला सांगायचे म्हणून आपलेच अंगण पहिल्यांदा दिसते, हे फ्रेने यांनी ओळखले होते.

आता मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅनव्हिल या लहानशा गावाकडे वळतो. तिथल्या शाळेत बर्डी मॅथ्यूज नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांना प्रवासाची आवड होती आणि आपल्या शेतकरी मुलांना जगाची ओळख व्हावी अशी तळमळ होती. त्यांनी परदेशी मुलांच्या नावांची यादी मिळवली आणि वर्गापुढे ठेवली. ज्यानिटा वॅग्नर या दहा वर्षांच्या मुलीने त्यातले एक नाव निवडले. ॲमस्टरडॅमच्या माँटेसरी शाळेतली मुलगी, तीही दहा वर्षांची. तिचे नाव अ‍ॅन फ्रँक.

ज्यानिटाने पहिले पत्र लिहिले. आपले गाव, शेत, आई आणि बेटी अ‍ॅन ही थोरली बहीण, असा सगळा मजकूर. उलट टपाली दोन पत्रे आली. अ‍ॅनचे ज्यानिटाला, आणि अ‍ॅनची थोरली बहीण मार्गो हिचे बेटी अ‍ॅनला. मार्गोच्या पत्रावर २७ एप्रिल १९४० ही तारीख आहे, अ‍ॅनच्या पत्रावर २९ एप्रिल. अ‍ॅनला त्या वेळी इंग्रजी जवळजवळ येत नव्हते, तरी पत्र इंग्रजीत आहे. वडील ऑटो फ्रँक यांनी ते भाषांतरित करून दिले असावे आणि तिने आपल्या हाताने उतरवून काढले असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे अटलांटिकच्या या तीरावरही एक तिसरा माणूस होता.

अ‍ॅनचे पत्र कुठल्याही दहा वर्षांच्या मुलीचे असावे तसे आहे. आपली शाळा, आपला वाढदिवस, चित्रांची कार्डे जमवण्याचा छंद. अशी आठशेच्या आसपास कार्डे तिच्याजवळ जमली होती. त्यातले ॲमस्टरडॅमचे एक कार्ड तिने सोबत धाडले. मला एक मैत्रीण आहे, तिलाही तिच्या वयाची एखादी पत्रमैत्रीण मिळेल का, असेही तिने विचारले. युद्धाचा उल्लेख तिच्या पत्रात नाही. मार्गो चौदा वर्षांची होती, तिला जास्त कळत होते. आम्ही रेडिओ ऐकत असतो, आमचा देश लहान आणि जर्मनीला लागून, त्यामुळे सुरक्षित कधीच वाटत नाही, अशा अर्थाचे तिने लिहिले.

ही पत्रे पेटीत पडल्यानंतर पंधरवडाही लोटला नाही. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. डॅनव्हिलच्या बहिणींनी लगेच उत्तरे लिहिली, पण पुढचे पत्र आले नाही. युद्ध संपल्यावर बेटी अ‍ॅनने पुन्हा त्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकले. ती स्वतः आता शिक्षिका झाली होती. काही काळाने ऑटो फ्रँक यांचे हस्ताक्षरातले लांब पत्र आले. लपून काढलेली वर्षे, छळछावणी, १९४५ साली बर्गेन-बेल्सनमध्ये झालेला दोन्ही मुलींचा अंत. कुटुंबातले ते एकटेच वाचले होते. आपल्या मैत्रिणी ज्यू होत्या, हे या बहिणींना त्या पत्रातून पहिल्यांदा कळले.

मी या वाक्यापाशी दर वेळी थांबतो. वय, शाळा, छंद, वाढदिवस, सगळे विचारून झाले होते. धर्म विचारायचे कुणाला सुचले नव्हते. ज्या एका गोष्टीपायी त्या मुलींना मारले गेले, ती गोष्ट चार मुलींच्या मैत्रीत आली नव्हती. पुढे १९८८ साली ही दोन पत्रे आणि ते कार्ड न्यूयॉर्कच्या लिलावात १ लाख ६५ हजार डॉलरना विकले गेले. अ‍ॅनची डायरी मराठीतही आली आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. पण वर्गापुढे यादी ठेवणाऱ्या मॅथ्यूजबाई किती जणांना ठाऊक आहेत?

युद्धानंतरची एक गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले तीन हत्ती १९४३ साली युद्धाच्या धामधुमीत उपाशी ठेवून मारण्यात आले. हवाई हल्ल्यात पिंजरे फुटले तर ते मोकाट सुटतील, हे कारण. युद्धानंतर वाढणाऱ्या मुलांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहिली, चित्रे काढून पाठवली आणि एक हत्ती मागितला. हा कागदांचा गठ्ठा भारतात पोचवायला एक व्यापारी मध्यस्थ झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरची एक हत्तीण टोकियोला पोचली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचे, इंदिराचे, नाव दिले होते. ही भेट माझी नव्हे, भारतातल्या मुलांनी जपानमधल्या मुलांना दिलेली आहे, असे त्यांनी सोबतच्या पत्रात कळवले. इंदिरा हत्तीण १९८३ पर्यंत जगली.

अशी मोठी उत्तरे विरळाच. तसेच आणखी एक १९८३ सालचे. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या समँथा स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीने सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना, तुम्हांला युद्ध हवे आहे का, असे सरळ विचारले आणि त्यांचे उत्तर आले. त्या उन्हाळ्यात ती रशियातल्या मुलांना भेटून आली. दोन वर्षांनी विमान अपघातात ती गेली, तेव्हा तेरा वर्षांची होती.

आता थोडे आमच्याकडचे. मी कोकणातल्या मुसलमान वस्तीत वाढलो. घराघरातला एक पुरुष बोटीवर नाही तर आखातात. दुपारी पोस्टमन आला की गल्ली जागी व्हायची. वाचता न येणाऱ्या बायका आम्हा शाळकरी पोरांना हाक मारायच्या. ‘‘बाळा, खत वाचून दाखव.’’ मी दहा वर्षांचा असताना बहारीन आणि कुवेतची पत्रे वाचत होतो, उत्तरे लिहीत होतो. चाचीने सांगितलेले शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि ऐकलेले गल्लीत बोलायचे नाही, ही दादीची ताकीद होती. तिसऱ्या माणसाचे काम काय असते, ते मी पुस्तकात वाचण्याआधी तिथे शिकलो. मिर्झा गालिब यांनी पत्रांतला दरबारी थाट टाकून समोरासमोर बसून बोलल्यासारखी पत्रे लिहिली, म्हणून उर्दू गद्याला नवे वळण लागले, हे मला पुढे कॉलेजात कळले. आमच्या चाच्या गालिबचे नाव न ऐकता तेच करत होत्या.

आमच्या हायस्कुलात इंग्रजीचे एक गुरुजी होते. त्या काळी फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस नावाची संस्था चालत असे. १९५२ पासून २००८ पर्यंत तिने जगभरच्या मुलांना पत्ते जुळवून दिले. वय, भाषा, आवडी लिहून अर्ज भरायचा, अल्प शुल्क द्यायचे, आणि साजेसा पत्ता यायचा. असाच कुठला तरी अर्ज आमच्या गुरुजींनी मिळवला होता. मला मिळाला जपानच्या उत्तरेकडच्या बेटावरचा एक मुलगा. माझ्या पहिल्या पत्राचा कच्चा खर्डा मी गुरुजींना दाखवला आणि चुका सुधारून द्या म्हणालो. त्यांनी वाचला, मजकूर ठीक आहे म्हणाले आणि परत दिला. ‘‘चुका राहू देत. त्यालाही कुठे येतेय? तुझे पत्र तुझ्यासारखे दिसू दे.’’ मात्र पत्ता त्यांनी स्वतः तपासला आणि माझ्या नावाखाली घरचा नव्हे, शाळेचा पत्ता घालायला लावला.

दोघांचेही इंग्रजी सारखेच मोडके, त्यामुळे छान जमले. निळ्या हवाई पत्रात आत काही घालायला मनाई असे, म्हणून सगळे शब्दांतच सांगावे लागे. त्याने लिहिले, बर्फ खिडकीपर्यंत चढले आहे. मी आमच्या पावसाचे लिहायला बसलो आणि अडलो. पाऊस पडतो, यापलीकडे सांगायचे काय? मग दादीला विचारले. तिने मृगापासून हस्तापर्यंत पावसाची सगळी नक्षत्रे सांगितली, कोणत्या पावसात काय उगवते आणि काय कुजते तेही सांगितले. तेवढे कधी कुणी मला शिकवले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

एकदा त्याने विचारले, तुमच्या घरात कोणती भाषा बोलतात? साधा प्रश्न. घरात आमची कोकणी बोली, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरे, मामूंची पत्रे उर्दूत, आणि हे सगळे त्याला कळवायचे इंग्रजीत. ईदचा शिरखुर्मा शेजारी जातो आणि गणपतीत त्यांच्या घरून मोदक येतात, हेही लिहिले. आपल्याकडे माणसे नाव ऐकतात आणि उरलेले स्वतःच ठरवून टाकतात. मुसलमान असून मराठी इतके चांगले कसे, हे कौतुक मी आजही व्यासपीठावर ऐकतो. त्या मुलाला माझ्या नावावरून काहीच ठरवता येत नव्हते, म्हणून त्याने विचारले. मी कोण, हे पहिल्यांदा कागदावर लिहिले ते त्याच्यासाठी. आमची पत्रे चार वर्षे चालली आणि कॉलेजच्या गडबडीत कमी होत थांबली. त्याची वीस-बावीस पत्रे माझ्याकडे आहेत.

जपान आम्हांला जवळचा झाला, पण कराची दूर राहिली. आमच्या भागातल्या अनेक घरांची एक फांदी तिकडे आहे. १९७१ च्या युद्धात बंद पडलेले टपाल १९७४ सालच्या करारानंतर पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात कुणाचे मरण, कुणाचे लग्न फिरत फिरत तिसऱ्याच देशातून कळायचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने काही काळ टपाल रोखले. २ मे २०२५ रोजी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारताने पाकिस्तानातून येणारी सर्व पत्रे आणि पार्सले घेणे थांबवले. निरपराध माणसे मारली गेल्यानंतर सरकारांना कठोर व्हावे लागते, हे मला कळते. मला एवढेच नोंदवायचे आहे की बर्नमध्ये जो एक मुलूख झाला होता, त्यात भेग पडते तेव्हा शेवटी रिकामी राहते ती कुठल्या तरी घराची पत्रपेटी.

तरीही शिक्षक थांबलेले नाहीत. २०१० पासून दिल्लीची रूट्स टू रूट्स आणि कराचीची सिटिझन्स आर्काइव्ह ऑफ पाकिस्तान या संस्थांनी दोन्ही देशांतल्या शाळकरी मुलांची पत्रे एकमेकांना पोचवली. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी दहा लाख डॉलरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली, हेही छापले. पण त्यांच्या एका उपक्रमाची चर्चा त्या मानाने कमी झाली. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण अशा एकमेकांशी भांडणाऱ्या देशांतली मुले त्यांनी इंटरनेटवरून जोडीजोडीने बोलती केली. साधन बदलले, पण मॅथ्यूजबाईंची यादी तीच आहे.

आज कागदी पत्राचे दिवस सरत आले आहेत. डेन्मार्कच्या टपाल सेवेने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटची पत्रे वाटली आणि चारशे वर्षांचे ते काम बंद केले. तिथे पत्रे आता खासगी कंपनी पोचवते. दुसरीकडे मुलांच्या हाती असा फोन आहे की क्षणात जगातल्या कुणाशीही बोलता येते. दार पूर्वी कधी नव्हते इतके उघडे आहे, आणि त्या दारात उभा राहणारा माणूस मात्र निघून गेला आहे. मग आपण दोनपैकी एक करतो. मुलाला फोन देऊन एकटे सोडतो, किंवा घाबरून दार लावून टाकतो. शंभर वर्षांतल्या शिक्षकांनी यांतले काहीच केले नाही. ते दारात उभे राहिले.

म्हणून त्या आईवडिलांना माझे उत्तर असे. पत्रमित्र शोधायचा तर एकट्याने नव्हे, शाळेमार्फत शोधा. एका वर्गाने दुसऱ्या देशातल्या एका वर्गाला लिहावे, तिथल्या शिक्षकांशी आधी आपल्या शिक्षकांनी बोलून खात्री करावी, आणि त्यातून मुलांच्या जोड्या जुळाव्यात. परदेशात नात्यातले, ओळखीचे कुणी असेल तर त्यांच्या मुलाची शाळा विचारा. आज अनेक देशांत महाराष्ट्र मंडळे आहेत. पत्ता शाळेचा द्या. सुरुवातीची पत्रे तुम्ही वाचणार आहात हे मुलाला आधी सांगा, चोरून वाचू नका. पैसे, घरातले फोटो, येण्याजाण्याच्या वेळा पत्रात नकोत, आणि पलीकडून असे काही कुणी मागितले किंवा हे घरी सांगू नकोस असे लिहिले, तर मुलाने ते आधी तुम्हांला दाखवावे. भाषा सुधारत बसू नका. मुलाने पहिल्या पत्रात आपल्या गावाबद्दल असे काहीतरी लिहावे जे पुस्तकात मिळणार नाही, आणि शेवटी एक प्रश्न विचारावा. प्रश्न नसलेल्या पत्राला उत्तर लिहिणे अवघड जाते.

परदेशी मित्र मिळेपर्यंत हात बसवायलाही वाटा आहेत. जागतिक टपाल संघ १९७१ पासून नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी पत्रलेखन स्पर्धा घेतो, आपले टपाल खाते त्यात भाग घेते. पोर्तुगालमध्ये २००५ साली सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या उपक्रमातून अनोळखी देशांतली पोस्टकार्डे येतात, तीही घरातल्या मोठ्यांनी मुलासोबत बसून मागवावीत. आणि परदेशच हवा असेही नाही. आंतरभारतीचे स्वप्न पाहणाऱ्या साने गुरुजींना मराठी मुलाने तमिळ किंवा काश्मिरी मुलाला लिहिलेले पत्र तितकेच प्रिय वाटले असते.

उत्तर यायला वेळ लागेल. कधी येणारही नाही. मुलाला वाट पाहू द्या, वाट पाहणेही आता शिकवावे लागते. आणि एके दिवशी ते पाकीट येईल, परक्या देशाचा शिक्का असलेले, वर तुमच्या मुलीचे नाव वेडेवाकडे लिहिलेले. ते तुम्ही फोडू नका. तिच्या हातात द्या आणि चहा ठेवायला आत जा. ती वाचून झाल्यावर स्वतःच सांगायला येईल.